तीन जानेवारीचा फोटो

वाघदऱ्याच्या वाचनालयात वर्षभराचे कार्यक्रम ऑक्टोबरच्या दोन दुपारांत उरकले जात. यात हसण्यासारखं काही नाही. दिवाळी झाली की ट्रॅक्टरात संसार भरून निम्मं गाव ऊसतोडीला जातं, आणि मागं उरतात म्हातारी माणसं, शेळ्या आणि दारांची कुलपं. आता वरच्या कचेरीला कोण सांगणार, की साहेब, आमच्याकडं जानेवारीत टाळ्या वाजवायलासुद्धा माणूस नसतो? त्यांना कार्यक्रमाचा फोटो लागतो, फोटोत फळा लागतो, फळ्यावर तारीख लागते आणि फळ्यापुढं पंधरा-वीस बायका लागतात. मग बायका गावात आहेत तोवरच जानेवारी उरकून घ्यायचा, एवढंच ग्रंथपालाच्या हातात राहतं.

ग्रंथपाल म्हणजे प्रियदर्शनी. नाव वडिलांनी त्या काळच्या राजकारणाच्या भरात ठेवलेलं. नावाप्रमाणं पुढं काही घडलं नाही. आष्टीकडं दिली होती, तिथून तीन वर्षांत एक ट्रंक घेऊन माघारी आली. त्याच सुमाराला गावच्या बबनरावांनी आपल्या वडिलांच्या नावानं वाचनालय काढलं, आणि बारावी शिकलेली, घरी बसलेली पोरगी म्हणून हिला तिथं बसवलं. त्याला सतरा वर्षं झाली. दोन खोल्या, चार कपाटं, हजारभर पुस्तकं आणि एक पंखा, जो वीज असली तर फिरायचा. पण त्या दोन खोल्यांत गेलं की गाव तिला 'ताई' म्हणायचं आणि मान द्यायचं. बाहेर ती माघारी आलेली बाईच होती. हा फरक ज्यानं सोसलाय त्यालाच कळतो.

बबनराव वाचनालयाचे अध्यक्ष होते आणि त्यांचा खरा धंदा मुकादमीचा. कारखान्याला मजुरांची टोळी पुरवायची, उचल म्हणजे आगाऊ पैसे वाटायचे, माणसं न्यायची-आणायची. चाळीस कोयते त्यांच्या हाताखाली. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. तो तोडतो, ती मोळ्या बांधते आणि डोक्यावर वाहते. एकटा माणूस तिकडं अर्धा कोयता धरतात, माणूस धरत नाहीत.

प्रियदर्शनी नुसती फोटोपुरती ग्रंथपाल होती असं मात्र कुणी म्हणू नये. टोळ्या परत आल्या की उन्हाळ्यात, दुपारी, ती बायकांना वाचायला शिकवायची. कुणी सांगितलं नव्हतं, कुठं नोंद नव्हती. पहिल्या आठवड्यात वीस बायका यायच्या, दुसऱ्यात आठ, आणि शेवटी चार-दोन टिकायच्या. त्या टिकणाऱ्यांत रतनबाई होती. कोकऱ्यांची. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं, आता दहा-बारा शेळ्या उरलेल्या आणि पोट कोयत्यावर. पस्तिशी उलटल्यावर ही बाई अ-आ-ई गिरवायला बसली. लेकीची, संगीताची, जुनी पुस्तकं पदराखाली लपवून आणायची. दोन उन्हाळे गेले. तिसऱ्या उन्हाळ्यात एका दुपारी तिनं बोट ठेवून एक अख्खं पान वाचलं आणि वर बघून म्हणाली, "ताई, हे तर कुनीतरी बोलायलंय की माज्याशी!" प्रियदर्शनीला त्या दिवशी जेवण गेलं नव्हतं, आनंदानं. तिच्या आयुष्यात असे दिवस फार नव्हते.

तर ऑक्टोबरची ती दुपार. ऊन मी म्हणत होतं. बायका पिशवीत दुसरं लुगडं घेऊन आलेल्या, कारण एकाच लुगड्यात चार कार्यक्रम दिसले तर साहेबाला संशय येतो. ग्रंथप्रदर्शन झालं, मराठी भाषा गौरव दिन झाला, संक्रांतीचं हळदी-कुंकू आणि पुस्तकाचं वाण झालं. तिळगुळाच्या जागी वाटीत साखर होती, ती फोटोत कळत नाही. मग प्रियदर्शनीनं फळा पुसला आणि खडूनं लिहिलं: महिला शिक्षण दिन, ३ जानेवारी.

"शाली पांघरा गं बायांनो," ती म्हणाली. "जानेवारी हाय, थंडी वाजू द्या जरा."

बायका खो-खो हसल्या. घामानं निथळत शाली पांघरल्या. रतनबाईला शाल नव्हती, तिला प्रियदर्शनीनं स्वतःची दिली आणि हातात पुस्तक देऊन मधोमध उभी केली.

"नुसतं धरायचं का वाचायचं?" रतनबाईनं विचारलं.

"धर नुसतं. फोटो हाय."

"नुसतं धरून हुबं ऱ्हायला मला न्हाई जमायचं, ताई. वाचता येतंय तर वाचते की."

आणि ती वाचायला लागली. अडखळत, ठेचकाळत. एका पानाला पाव तास गेला आणि बाकीच्या सगळ्या शाली पांघरून, घाम पुसत ऐकत राहिल्या. एकीनंही पुरे म्हटलं नाही. प्रियदर्शनीनं त्यात फोटो काढला. आठ दिवसांनी दिवाळी झाली आणि टोळ्या निघून गेल्या.

तीन जानेवारीला प्रियदर्शनी नेहमीप्रमाणं दहाला वाचनालय उघडून बसली. दोन म्हातारे पेपर चाळून गेले. साडेदहाला तिनं फोनमधला तो फोटो काढला, खाली बातमी लिहिली आणि चौसाळ्याच्या वार्ताहराला पाठवून दिली. वाघदरा येथे महिला शिक्षण दिन उत्साहात साजरा, सकाळी अकरा वाजता झालेल्या कार्यक्रमास महिला मोठ्या संख्येने उपस्थित होत्या, वगैरे. अकराची बातमी साडेदहालाच गेली. दरवर्षी अशीच जायची. छापून आली की कात्रण वहीत चिकटवायचं आणि वही तपासणीला ठेवायची.

चार तारखेला दिवस उगवताना बबनरावांची पिकअप गावात शिरली. मागच्या बाजूला चवाळ्यात गुंडाळलेली रतनबाई होती आणि तिच्या उशाशी सटवा, तिचा नवरा, गुडघ्यात मान घालून बसलेला. काल दुपार व्हायच्या आत घडलं, लोक सांगत होते. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढत होती. फळी दवानं ओली. पाय सरकला आणि मोळीसकट मानेवर आली. दवाखान्याच्या वाटेवरच गेली.

बबनरावांनी गाडी दवाखान्याऐवजी गावाकडं वळवली होती. सटव्याला सांगितलं, "पोलिसात गेलं की चिरफाड करतेत, चार-चार दिवस मयत देत न्हाईत. गावाकडं नेऊन नीट माती करू." सटव्याला त्या वेळी कुणी काहीही सांगितलं असतं तरी त्यानं मान हलवली असती. सकाळी दहाच्या आत सगळं उरकलं. संगीता शाळेच्या गणवेशातच स्मशानाच्या वाटेवर उभी होती. तिला कुणी जवळ घेतलं नाही, कारण जवळ घेणाऱ्या सगळ्या बायका उसाच्या फडात होत्या.

दुपारच्या एसटीनं पेपर आला. प्रियदर्शनीनं दुसरं पान उघडलं. रतनबाई शाल पांघरून पुस्तक वाचत होती. खाली छापलं होतं: 'वाघदरा येथे ३ जानेवारी रोजी सकाळी ११ वाजता महिला शिक्षण दिनी पुस्तकाचे वाचन करताना सौ. रतनबाई कोकरे.' तिनं पेपर घडी करून कपाटात, जुन्या अंकांच्या खाली सारला. ते कात्रण तिनं वहीत चिकटवलं नाही. कोण वाचतंय एवढ्या बारक्या अक्षरातलं, असं मनाशी म्हणाली आणि दार लावून घरी गेली.

नवव्या दिवशी सटवा वाचनालयाच्या पायरीशी आला. आत यायला त्याला अजून अवघडायचं.

"ताई, उद्या दहावा हाय," तो म्हणाला. "फुडं ठिवायला तिचा फोटू न्हाई एक बी. आधारकार्ड तिकडंच फडावरच्या कोपीत ऱ्हायलंय. तुमी काडतेत म्हनं फोटू."

फोनमधला फोटो छापून घ्यायचा तर चौसाळ्याला जायला हवं होतं, आणि दहावा उद्याच होता. प्रियदर्शनीनं कपाटातून तो पेपर काढला. कात्री घेतली. फोटो कापताना खालची ओळ कापून टाकावी असं तिच्या मनात आलं होतं. हे खरं आहे, आणि पुढं तिनं ते स्वतःलाही पुन्हा पुन्हा सांगितलं. पण त्या ओळीत रतनबाईचं नाव छापलेलं होतं. जन्मात एकदाच छापून आलेलं नाव, ते बघायला ती राहिली नाही. ते कापायला तिची कात्री धजली नाही. तिनं ओळीसकट फोटो कापला आणि सटव्याच्या हातात दिला.

सटवा कितीतरी वेळ बघत राहिला. "वाचायली जनू," म्हणाला. "खाली काय लिवलंय?"

"तिचं नाव आहे," प्रियदर्शनी म्हणाली. पुढचं बोलली नाही.

दहावा झाला. कुणीतरी शहाण्यानं सटव्याला सांगितलं, की ऊसतोडीत माणूस गेलं तर सरकारची मदत असते, अर्ज कर. सटवा चौसाळ्याला गेला. अर्ज भरून देणाऱ्या दुकानात मयताचा फोटो मागितला. त्याच्याकडं एकच फोटो होता. दहाव्याला पुढं ठेवलेलं कात्रण त्यानं दिलं, दुकानदारानं ते डिंक लावून अर्जाच्या चौकटीत डकवलं. खालची ओळ चौकटीबाहेर आली ती त्यानं अर्जामागं दुमडली. ना देणाऱ्याला वाचता येत होतं, ना घेणाऱ्याला वाचायची सवड होती. बायकोच्या मरणाच्या अर्जावर नवऱ्यानं स्वतःच्या हातानं असा पुरावा लावला, की त्या वेळी ती शंभर कोसांवर सुखरूप उभी होती.

अर्ज देऊन सटवा परत फडावर गेला. उचल फिटायची होती आणि अर्धा कोयता टोळीत चालत नाही. म्हणून त्यानं संगीताला शाळेतून काढून बरोबर नेलं. नववीत होती.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात चौकशीचे साहेब आले. तालुक्याहून, मोटारसायकलवर, डोक्याला रुमाल बांधून. माणूस वाईट नव्हता, दमलेला होता. गावात फिरून आले, सटव्याच्या म्हाताऱ्या आईशी बोलले आणि शेवटी वाचनालयात येऊन बसले. अध्यक्ष म्हणून बबनरावही आले होते. येताना त्यांच्या चेहऱ्यावर घाम होता. मयत परस्पर गावी आणल्याचं निघालं असतं तर त्यांना भारी पडणार होतं.

साहेबांनी अर्ज टेबलावर ठेवला, मागं दुमडलेला कागद नखानं सरळ केला आणि प्रियदर्शनीपुढं सरकवला.

"हा कार्यक्रम तुमचाच ना, मॅडम?"

प्रियदर्शनीनं बघितलं. तेच कात्रण होतं, खालच्या ओळीसकट.

"म्हातारी म्हणते सून फडात मेली," साहेब म्हणाले. "अर्जातही तेच आहे, तीन जानेवारी, सकाळी अकराच्या सुमारास. पण शवविच्छेदन नाही, पोलिसांत नोंद नाही. आणि हा पेपर म्हणतो की ती बाई त्याच दिवशी अकरा वाजता इथं पुस्तक वाचत होती. माझ्यापुढं कागद एवढाच."

बबनराव कात्रणावर वाकले. वाचलं. सरळ झाले तेव्हा त्यांचा घाम निघून गेलेला होता.

"मग आता फोटोच बोलायलाय, साहेब," ते शांतपणे म्हणाले. "ती आल्तीच गावाकडं. चार दिस आदी. चक्कर येत हुती तिला. घरीच पडली, घरीच गेली. सटव्याला कुनीतरी शिकवलंय."

साहेबांनी त्यांच्याकडं बघितलं नाही. प्रियदर्शनीकडं बघत म्हणाले, "हे बघा, फोटो आधीचा असेल तर तसं लिहून द्या. कुणाची मदत अडवून मला काही मिळत नाही. मी तसा शेरा मारतो आणि माणसाचं काम होतं. फक्त मग तुमच्या कार्यक्रमांचं काय चालतं, ते तुमच्या वरच्या कचेरीला कळवावं लागेल. तेवढं मला टाळता येणार नाही." त्यांचा फोन वाजला, ते बोलत बोलत बाहेर लिंबाखाली गेले.

आत दोघंच राहिले. बबनराव उठून कपाटाशी गेले, एक पुस्तक काढलं, धूळ झटकली, परत ठेवलं.

"मी काय बी सांगनार न्हाई तुमाला, ताई," ते म्हणाले. "तुमी शिकलेल्या. मागं तपासनी झाली तवा शेजारच्या दोन गावची वाचनालयं बंद पडली, तुमाला म्हाईत हाय. कुलूप लागलं तर माजं काय जातंय? नाव माज्या बापाचं हाय, ते दगडावर बी कोरता येतंय. तुमी कुटं जाल? आष्टीला?"

तो शब्द त्यांनी मुद्दाम वापरला हे तिला कळलं, आणि कळूनही तो लागायचा तिथंच लागला. सतरा वर्षं तिच्या डोळ्यांपुढं आली. दोन खोल्या. उन्हाळ्यातल्या दुपारी. तिनं मनातल्या मनात हिशोब जुळवायला सुरुवात केली, आणि माणूस एकदा असा जुळवायला लागला की सगळं जुळतंच. वाचनालय गेलं तर पुढच्या रतनबाईला कोण शिकवणार? मदत मिळाली म्हणून रतनबाई थोडीच परत येणार आहे? आणि आता खरं सांगितलं तरी बबनराव सटव्याला सुखानं जगू देतील का? एकेक कारण चांगलं होतं. एकही कारण खरं नव्हतं. खरं एवढंच होतं, की ती घाबरली होती.

साहेब आत आले. "काय लिहिताय?"

तिनं कागद घेतला. तिचं अक्षर गावात सगळ्यांत सुंदर, लग्नपत्रिकांवर नावं तीच घालायची. त्याच अक्षरात तिनं लिहिलं: 'सदर कार्यक्रम ३ जानेवारी रोजी सकाळी अकरा वाजता वाचनालयात झाला असून छायाचित्र त्याच वेळचे आहे.' खाली सही केली. साहेबांनी कागद वाचला, तिच्याकडं क्षणभर बघितलं आणि घडी करून फायलीत घातला. "ठीक आहे," एवढंच म्हणाले. चहा न घेता गेले.

एप्रिलमध्ये टोळ्या परतल्या. बायका आल्या, काळवंडलेल्या, हातांना घट्टे पडलेल्या. प्रियदर्शनीनं या वर्षी वाचनाचा वर्ग सुरू केला नाही. ऊन फार आहे, म्हणाली. एकीनं विचारलं, दोघींनी विचारलं, मग विचारणं थांबलं. सटव्याच्या घराकडची वाट ती टाळायची. गिरणीत जायचं तर वेशीवरून लांबून जायची. तरी मनाला एक आशा होती, की सरकारी काम आहे, रेंगाळेल, हरवेल, विसरलं जाईल. नको ते कागद मात्र सरकारात कधी हरवत नाहीत.

मेच्या मध्यावर, भर दुपारी, सटवा आला. या वेळी पायरीशी न थांबता सरळ आत आला, आणि मागून संगीता. पोरगी चार महिन्यांत ओळखू येईना झाली होती. बोटांना चिंध्या बांधलेल्या, केस लालसर झालेले. एका गालावर सूज होती.

सटव्यानं खिशातून पाकीट काढलं. टपालानं आलेलं, वरून शिक्का.

"ताई, एवडं वाचून दावा," तो म्हणाला. "काल आलंय. ह्या कार्टीनं वाचलं आन काय बी बोलायली. म्हनती, ताईनीच लिवून दिलंय की आई गावात हुती. म्या म्हनलं, ताई असं कावून लिवतील? हिच्या आईला अक्षर कुनी शिकवलं? ताईनी. फोटू कुनी दिला? ताईनी. तर म्हनती, असंच लिवलंय आबा, हितं बगा. आता मला काय दिसतंय त्येच्यात? लई राग आला, ताई. मारलं म्या हिला."

प्रियदर्शनीनं पाकीट घेतलं. संगीता टेबलाच्या पलीकडं उभी होती. तिच्या नजरेत राग नव्हता. ती नुसती बघत होती, वर्गात मास्तर फळ्यावरचं गणित तपासताना पोरं बघतात तशी.

कागद एकच होता. पहिल्या तीन ओळी अर्जदाराचं नाव, गाव, अर्जाची तारीख. त्याखाली होतं: 'अर्जदाराची पत्नी घटनेच्या दिवशी व वेळी गावातील वाचनालयाच्या कार्यक्रमात उपस्थित असल्याचे ग्रंथपाल यांच्या लेखी जबाबावरून दिसून येते. सबब अर्ज नामंजूर करण्यात येत आहे. सदर जबाब अर्जदारास मान्य नसल्यास त्याविरुद्ध साक्षीपुरावे तीस दिवसांच्या आत सादर करावेत.'

तीस दिवस. म्हणजे अजून दार उघडं होतं. फोटोतल्या सगळ्या बायका गावात होत्या. शाली कधी पांघरल्या होत्या ते त्यांना सांगता आलं असतं. आणि ती स्वतः तर इथंच बसली होती. आता, या घडीला, एक वाक्य बोललं की झालं. पोरीनं बरोबर वाचलंय, सटवा. एवढंच वाक्य. ते तिच्या जिभेवर आलं होतं.

"वाचा की," सटवा म्हणाला. "तुमी वाचलं म्हंजे माजी खात्री."

ही खात्री तिला पेलली नाही. जगात एवढा एकच माणूस उरला होता जो तिला अजून पहिल्यासारखी ताई म्हणत होता, आणि ते सुद्धा जाणार, या भीतीनं तिच्या तोंडून भलतंच बाहेर पडलं. तिनं नाव वाचलं, गाव वाचलं, तारीख वाचली. मग तिचं बोट दोन ओळी सोडून खाली सरकलं.

"पुरेशी कागदपत्रं नसल्यामुळं अर्ज नामंजूर करण्यात येत आहे," तिनं वाचलं.

"बास?"

"बास."

"तुमचं नाव न्हाई कुटं?"

"नाही."

सटव्यानं श्वास सोडला. अर्ज फेटाळला गेल्याचं दुःख त्याला मागून होणार होतं. आधी त्याच्या चेहऱ्यावर बरं वाटल्याचंच आलं. तो लेकीकडं वळला. "ऐकलं का? हाय का ताईंचं नाव? नव यत्ता शिकलीस आन धड वाचता येईना तुला. तुझी आई तीन उन्हाळ्यात तुझ्या वरचढ वाचत हुती."

संगीतानं हात पुढं केला. प्रियदर्शनीनं कागद तिला दिला. न देण्यासारखं काही सुचलं नाही. पोरीनं तो टेबलावर पसरला आणि चिंधी बांधलेलं बोट ठेवून सावकाश, ओठ हलवत, मनातल्या मनात सगळा वाचला. सोडलेल्या ओळींवर बोट जरा थांबलं. मग शेवटपर्यंत गेलं.

"फुडं काय करायचं न्हाई का आता, ताई?" सटवा विचारत होता. "कुनाला भेटायचं, कुटं जायचं, तसलं काय लिवलं न्हाई?"

प्रियदर्शनी पोरीकडं बघत होती. बोल, ती मनात म्हणत होती. तू बोल, ओरड, मला खोटी पाड, म्हणजे मी सुटेन. तिनं अख्खा भार त्या पंधरा वर्षांच्या पोरीवर टाकला होता आणि पोरगी आता काय करते याची वाट बघत होती.

संगीतानं मान वर केली. आधी बापाच्या हाताकडं बघितलं, मग प्रियदर्शनीकडं.

"चुकलंच माजं, आबा," ती म्हणाली. "मला नीट वाचता येत न्हाई."

"मग ताईची माफी माग."

"चुकलं, ताई."

सटव्यानं हात जोडले. "लेकराचं मनाला लावून घिऊ नका. आईविना झालीय, म्हनून असं बोलती." तो पायऱ्या उतरला. संगीतानं कागदाची घडी घातली, बापाला दिली आणि त्याच्या मागून चालायला लागली. तिनं एकदाही मागं वळून बघितलं नाही. प्रियदर्शनी दारात येऊन उभी राहिली, पण तिला हाक मारवली नाही.